मनकर्णाबाईंची निळी खुर्ची

८ मार्च २००४. रुपये १४२ फक्त.

मनकर्णाबाई भैसारे यांनी आमच्या प्रतिष्ठानात सादर केलेल्या पहिल्या प्रवास बिलाची ही रक्कम. गडचिरोली ते आलापल्ली जाणे-येणे एकशेवीस रुपये, आणि खुर्चीचे जाणे-येणे बावीस रुपये. एसटीची सामानाची दोन तिकिटे टाचणीने जोडलेली होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, लेखापालाच्या टेबलावर तेव्हा नऊ वर्षे झालेली. माणसाने प्रवास केला की बिल होते, हे मला ठाऊक होते. खुर्चीने केलेला प्रवास मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाईंना बोलावून विचारले, गेलात त्या गावात खुर्ची नव्हती का?

"होती जी भाऊ," त्या म्हणाल्या. "तिच्यावर सरपंचबाईचा नवरा बसला होता."

मी बिल मंजूर केले. शेरा लिहिला: प्रशिक्षण साहित्य.

आमचे नवनेतृत्व प्रतिष्ठान महिलांच्या राजकीय नेतृत्वासाठी काम करते. 'नेतृत्व महिलांचे, मार्गदर्शन आमचे' हे वाक्य आमच्या लेटरहेडवर छापलेले आहे. कार्यकारिणीत नऊ सदस्य आहेत. आठ पुरुष, आणि नववे सदस्यत्व अध्यक्ष देवरावजींच्या पत्नीचे. त्या बैठकीला येत नाहीत. इतिवृत्ताचे रजिस्टर शिपाई घरी नेतो, त्या स्वयंपाकघरातून सही करून पाठवतात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. इतक्या वर्षांत त्यांची एकही सही राहून गेलेली नाही, आणि आठ पुरुषांबद्दल मला तसे म्हणता येणार नाही.

मनकर्णाबाई या प्रतिष्ठानात मानधनावर कार्यकर्त्या होत्या. चामोर्शी तालुक्यातल्या हळदटोल्याच्या, शिक्षण नववी, नवरा लहानू राइस मिलमध्ये हमाल. या कामात त्या कशा आल्या ते त्यांनी मला एकदाच सांगितले, पण व्यवस्थित सांगितले. २००३ सालच्या पंधरा ऑगस्टला त्यांच्या गावची पहिली महिला सरपंच झिंगूबाई ध्वजारोहणाला उभी होती. उभी होती म्हणजे हातात फुलांचे ताट धरून उभी होती. दोरी नवऱ्याच्या हातात होती. त्याने ओढली तशी गाठ आणखी आवळली आणि झेंडा वरच्या वर पुडीसारखा बांधलेला राहिला. दहा मिनिटे गावातल्या सगळ्या जाणत्या पुरुषांनी सूचना केल्या. शेवटी झिंगूबाईने ताट खाली ठेवले, विहिरीवर रोज अडकलेला दोर सोडवते तसा एक हिसका दिला, आणि झेंडा उघडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हार मात्र नवऱ्याच्या गळ्यात पडला, कारण तो आधीच त्याच्यासाठी आणलेला होता.

मनकर्णाबाई म्हणाल्या, त्या दिवशी त्यांना राग आला तो नवऱ्याचा नाही. झिंगूबाईने पुन्हा ताट उचलले, त्याचा.

झाडीपट्टीत सून सासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, खुर्चीवर बसत नाही. ते आले की उठायचे, पदर घ्यायचा, खाली बसायचे. नात्यातलेच नव्हे, गावातले सगळे वयस्क पुरुष या हिशेबात मोडतात. म्हणजे एखादी सून सरपंच झाली, तर निम्मे गाव तिचे सासरे. शासनाने तिला खुर्ची दिली, पण तिच्यावर बसायला मोकळा वेळ ठेवला नाही. बाई नाइलाजाने सतरंजीवर बसते, खुर्ची रिकामी दिसते, आणि रिकामी खुर्ची बरी दिसत नाही म्हणून नवरा तिच्यावर बसतो. इतके सरळ आहे ते. यावर देवरावजींनी पुण्याच्या एका परिसंवादात चाळीस मिनिटे भाषण केले होते. मनकर्णाबाईंनी प्रतिष्ठानाच्या अडगळीतली निळी लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि त्या एसटीत चढल्या.

त्यांचे प्रशिक्षण असे चाले. समाजमंदिरात बाया सतरंजीवर. मध्ये खुर्ची. एकेकीने तिच्यावर बसायचे. मग मनकर्णाबाई बाहेर जात, डोक्याला गमछा गुंडाळत, आणि सासऱ्यासारखे खोकत आत येत. उठली तिला एक रुपया दंड. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात दंड पडे. पहिल्या फेरीत सगळ्या उठत. हसत हसत उठत, पण उठत. एक बाई म्हणे खोकला ऐकूनच उठली, मनकर्णाबाई दाराच्या आत यायच्या आधी. तिला दोन रुपये लावले. सिरोंचाकडच्या गावांसाठी त्यांनी दोन तेलुगू शब्द पाठ केले होते: कूर्चो, लेवोद्दु. बस, उठू नको. तेवढ्या तेलुगूवर त्यांनी तिकडे सहा प्रशिक्षणे घेतली आणि भाषेची अडचण आली नाही.

पद्धतीत दोष होता, तो आलापल्लीच्या वाटेवरच्या एका गावात कळला. तिथली सरपंच इतकी पक्की झाली की सासरा आला, भासरा आला, गावचा पाटील आला, ती जागची हलली नाही. बसल्या बसल्या तिने नवऱ्याने पुढे केलेल्या कोऱ्या चेकवर सही केली. बँकेतला माणूस काही विचारायला आला तेव्हा उत्तरही नवऱ्यानेच दिले. तेव्हापासून डब्यावर दुसरा नियम चिकटला. पुठ्ठ्यावर बाईंच्याच अक्षरात: एक, कोणीही आले तरी उठायचे नाही. दोन, दुसरीच्या बदल्यात बोलायचे नाही. २०११ साली महिलांचे आरक्षण एक तृतीयांशावरून निम्म्या जागांवर गेले, तेव्हा त्यांनी दंड एका रुपयावरून थेट दहा रुपये केला. जबाबदारी वाढली, म्हणाल्या.

डबा वर्षाअखेर माझ्याकडे जमा होई. दंडाचे वेगळे रजिस्टर मी स्वतः आखले. त्यातून बायांचा चहा होत असे.

प्रतिष्ठानाचे काम या काळात जोरात होते. २०१३ साली आम्ही महिला सरपंच मेळावा घेतला. बासष्ट सरपंचांना निमंत्रण गेले. जेवणाच्या कुपनांवरून माझी नोंद अशी आहे: सरपंच एकोणीस, पती अठ्ठावन्न. देवरावजींनी समारोपात सांगितले की पुरुषांचा एवढा प्रतिसाद मिळणे हीच चळवळीची पावती आहे. मनकर्णाबाईंना त्या दिवशी वाढपाच्या कामावर घेतले होते.

त्या स्वतः दोनदा ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. पहिल्यांदा एक्केचाळीस मते, दुसऱ्यांदा सदतीस. बाकीच्या गावांत त्यांचे ऐकणाऱ्या बाया होत्या, हळदटोल्यात शेजारणी होत्या. पराभवानंतर तिसऱ्या दिवशी त्या खुर्ची घेऊन बसस्टँडवर दिसत. मी एकदा सहानुभूतीने काही बोललो, तर त्यांनी मला आधी त्यांचे मागचे बिल काढायला सांगितले.

मग २०२१ साल आले. जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, आणि त्या खेपेला सरपंचपद कोणासाठी राखीव, याची सोडत निवडणुकीनंतर निघाली. हळदटोल्यात पॅनेल नानाजींचे होते. नानाजी धानाचे मोठे शेतकरी, गावात वजन, सरपंच तेच होणार हे ठरलेले. त्यांनी सफारीही शिवून ठेवली होती. वॉर्डातल्या राखीव जागेसाठी ते मनकर्णाबाईंकडे आले आणि म्हणाले, बाई, तुमच्या नावावर मते पडत नाहीत हे दोनदा सिद्ध झाले, सून द्या. सून दिव्यानी, बीए झालेली, सव्वीस वर्षांची. मनकर्णाबाईंनी आनंदाने होकार दिला. दिव्यानीला विचारले होते का, असे मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, घरातलीच तर आहे.

पॅनेल आले. सोडत निघाली: सरपंचपद, अनुसूचित जाती, महिला. निवडून आलेल्या नऊ जणांत त्या वर्गातली महिला एकच होती. नानाजी उपसरपंच झाले आणि सफारी त्यांनी पुतण्याच्या लग्नात वापरली.

मनकर्णाबाईंनी कार्यालयात पेढे वाटले. सतरा वर्षे लोकांच्या सुनांना खुर्चीवर बसवले, आता आपली बसली, असे म्हणत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मलाही बरे वाटले. त्यानंतर त्यांची बिले यायची कमी झाली. मार्चमध्ये चार आली, एप्रिलमध्ये दोन, पुढे एकही नाही. निळी खुर्चीही परत आली नाही. कोरोनाचे दिवस होते म्हणून मी काही बोललो नाही. कोरोना संपला तरी खुर्ची आली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिष्ठानाने आदर्श महिला सरपंच पुरस्कार जाहीर केला. दिव्यानीचे नाव यादीत होते. समक्ष पाहणी करून अहवाल द्यायचा होता, आणि प्रवासभत्ता वाचावा म्हणून देवरावजींनी मलाच पाठवले. पाहणीच्या छापील नमुन्यात रकाना क्रमांक सहा होता: सरपंचांच्या कार्याबाबत पतीचे मत. दिव्यानीचा नवरा कुलदीप चंद्रपूरला कोळसा खाणीत कंत्राटी कामावर, पंधरवड्यातून एकदा येणारा. त्यामुळे हळदटोल्यात सरपंचपतीचा प्रश्न नव्हता. सासू होती.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा होती, त्या दिवशी सकाळीच मी पोचलो. ग्रामपंचायतीचा शिपाई फायली घेऊन सायकलवरून चालला होता. मी त्याला सरपंचांचे घर विचारले.

"कोनत्या सरपंच?" तो म्हणाला. "सही करनाऱ्या का ठरवनाऱ्या?"

घर एकच होते, त्यामुळे चूक झाली नाही. फायली ओसरीवर मनकर्णाबाईंच्या पुढ्यात उघडल्या गेल्या. त्या चष्मा लावून वाचत, बोट ठेवत, आणि बोटाच्या जागी दिव्यानी सही करी. फाइल एक, फाइल दोन, फाइल तीन. लहानूभाऊ बकऱ्यांना पाला टाकत होते, त्यांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. बाईंनी मला अभिमानाने सांगितले की त्यांच्या परवानगीशिवाय या गावात पान हलत नाही, एकाही पुरुषाला त्यांनी सुनेच्या जवळ फिरकू दिलेले नाही. हे खरे होते. अगदी कुणालाच फिरकू दिलेले नव्हते.

त्या आंघोळीला गेल्या तेव्हा दिव्यानीने मला चहा दिला आणि उभ्या उभ्याच सांगितले. गावाबाहेर नाल्यापलीकडे टोली आहे, तेरा घरे. तिथल्या बाया पहाटे जंगलकडच्या पायवाटेने विहिरीवर जातात. मागच्या पंधरवड्यात त्या वाटेवर वाघाचे पंजे दोनदा दिसले. यंदाच्या निधीतून टोलीवर सौरपंप आणि टाकी बसते, तिने पंचायत समितीत जाऊन अंदाजपत्रकही आणले आहे. पण नानाजींना गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान हवी आहे. पैसे एकाच कामाला पुरतात. आज सभेत ठरणार.

मी विचारले, बाईंचे काय म्हणणे?

दिव्यानीने तेही सांगितले. नानाजींनी कमानीला 'स्त्रीशक्ती प्रवेशद्वार' नाव द्यायचे कबूल केले, तेव्हा आईंनी त्यांना शब्द देऊन टाकला होता. तिने घरात तीनदा पंपाचा विषय काढला. तीनदा आईंनी सांगितले की राजकारणात शब्द मोडून चालत नाही, तू अजून लहान आहेस.

"भाऊ, एक विचाराचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या डब्याचे नियम शिकवनाऱ्यांलेही लागू हायेत का?"

मी आठवून पाहिले. पुठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"अपवाद लिहिलेला नाही," मी म्हणालो.

सभा समाजमंदिरात होती. पुरुष प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. समोर टेबल, टेबलामागे दिव्यानी, आणि तिच्या उजव्या हाताला, अर्धा हात पुढेच, निळी खुर्ची. तिच्यावर मनकर्णाबाई. टोलीवरच्या बाया यावेळी आल्या होत्या, मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. ग्रामसेवकाने मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले आणि विचारले, सरपंचमॅडम, कायम करायचे का? मनकर्णाबाई म्हणाल्या, करा. गावठाणाच्या नोंदीचा विषय आला. सरपंचमॅडम? मनकर्णाबाई म्हणाल्या, पुढच्या सभेत घेऊ. ग्रामसेवक दिव्यानीकडे पाहून विचारी आणि उत्तर मनकर्णाबाईंकडे पाहून लिहून घेई. त्याच्या मानेला सवय झाली होती.

मग विषय क्रमांक चार, विकास निधी. नानाजी उठले. कमानीमुळे गावाची शान कशी वाढेल आणि स्त्रियांचा सन्मान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर कसा कायम राहील, ते त्यांनी सांगितले. ग्रामसेवकाने विचारले, सरपंचमॅडम, आपले मत?

मनकर्णाबाई म्हणाल्या की सरपंचांचे मत कमानीच्या बाजूने आहे.

"आई," दिव्यानी म्हणाली. "दहा रुपये."

आवाज मोठा नव्हता. तरी सतरंजीवर कुजबुज थांबली. यातल्या निम्म्या बायांनी कधी ना कधी डब्यात दंड टाकलेला होता, त्यांना समजायला वेळ लागला नाही. पुरुषांकडे मात्र कुणालाच कळले नाही, त्यांना वाटले घरचा काही व्यवहार राहिला असेल.

"काय म्हनून राह्यली?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"दुसरीच्या बदल्यात बोललं का दहा रुपये. नियम तुमचाच हाये."

"मी तुह्या भल्यासाठीच बोलून राह्यली."

"झिंगूबाईचा नवराही तिच्या भल्यासाठीच दोरी ओढत होता जी."

मागून एक बाई हसली आणि मग ते हसू सतरंजीभर पसरले. मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. ताडकन नाही, गुडघ्यावर हात टेकून. सासू उभी, आणि सून खुर्चीवर. सगळ्या सभेची नजर दिव्यानीच्या खुर्चीवर गेली. मी अगदी बाजूलाच होतो, म्हणून सांगतो: तिचे दोन्ही हात टेबलाखाली खुर्चीच्या कडेला घट्ट धरलेले होते आणि बोटे पांढरी झाली होती. कुणीतरी पुरुष म्हणाला, बाई, सासू उभी आहे. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. मनकर्णाबाईंनी घसा साफ केला. सवय असावी, पण तो अगदी गमछा गुंडाळून येणाऱ्या सासऱ्याचा खोकला होता.

दिव्यानी उठली नाही.

मनकर्णाबाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि सतरंजीवर बायांमध्ये जागा करून बसल्या. दिव्यानीने टोलीच्या पाण्याचे अंदाजपत्रक वाचून दाखवले. वाचताना दोनदा अडखळली. वाघाच्या पंजांचे सांगितले, ते मात्र न अडखळता. मग हात वर करायला सांगितले. पंपाच्या बाजूने एकसष्ट. कमानीच्या बाजूने अडतीस. अडतिसावा हात मनकर्णाबाईंचा होता. सतरंजीवरचा कमानीसाठी वर आलेला तो एकमेव हात. दिव्यानीने ग्रामसेवकाला तो मोजायला लावला, कारण ग्रामसेवक दिव्यानीकडे पाहत राहून तो मोजायचे विसरला होता.

परत निघताना बाई मला वाटेपर्यंत सोडायला आल्या. मग म्हणाल्या, "काऊन भाऊ, इतकी चांगली शिकली ती. कोनी शिकवली असन?"

मी उत्तर दिले नाही. दुसऱ्याच्या बदल्यात बोलायचे नव्हते.

माझा अहवाल मी दुसऱ्या दिवशी दिला. रकाना सहामध्ये लिहिले: लागू नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत आठही सदस्यांनी विचार करून हळदटोल्याचे नाव वगळले. भर सभेत वडीलधाऱ्यांचा अवमान झालेल्या गावाला पुरस्कार दिल्यास समाजात चुकीचा संदेश जातो, असे इतिवृत्तात नमूद आहे. नवव्या सदस्यांची सही घरून आली. पुरस्कार दुसऱ्या एका गावाला मिळाला. तिथल्या सरपंचांना घरकामामुळे येता आले नाही, त्यांच्या पतीने तो स्वीकारला आणि महिला सक्षमीकरणावर चांगले भाषण केले.

टोलीवरचा पंप पुढच्या उन्हाळ्यापूर्वी सुरू झाला. कमान झालेली नाही. नानाजी आता टोलीच्या पंपाबद्दल सांगताना 'आम्ही केला' असे म्हणतात, आणि ते खोटेही नाही, त्यांच्या पॅनेलनेच केला.

मनकर्णाबाई ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात खुर्ची घेऊन कार्यालयात हजर झाल्या. अठरा महिने नुसते बसण्यात गेले, म्हणाल्या, आता फिरती लावा. तेव्हापासून बिले नियमित आहेत. प्रशिक्षणात त्या एक नवी गोष्ट सांगतात. एका गावात एक सासू होती, लय शहाणी होती, सगळ्यांना शिकवायची, असे सुरू करतात. बाया पोट धरून हसतात. गावाचे नाव त्या सांगत नाहीत. एकदा कुणीतरी विचारले, त्या सासूने दंड भरला का? बाईंनी विषय बदलला.

मी येत्या मे अखेर निवृत्त होतो आहे. कार्यभार सोपवण्याच्या याद्या तयार केल्या आहेत: रजिस्टरे चौदा, कपाटाच्या किल्ल्या दोन, पत्र्याचा डबा एक, निळी खुर्ची एक (एक पाय जोडलेला, वापरात). दंडाच्या रजिस्टरात एकच नोंद बंद करता आलेली नाही. २ ऑक्टोबर २०२२, मनकर्णा लहानू भैसारे, नियम दोन, रुपये दहा. मी तीनदा आठवण करून दिली. दहा रुपये अजून आलेले नाहीत.